एज सेवा कशी उभी करावी: टेलिकॉममध्ये नव्यानं आलेल्यांसाठी

कारखाना आणि आमचं टेलिफोन एक्स्चेंज यांच्यात अंतर होतं ११ किलोमीटर. एक्स्चेंजमधल्या रॅकमध्ये आम्ही नवा कोरा सर्व्हर बसवला, त्यावर ग्राहकाचं तपासणीचं सॉफ्टवेअर चढवलं आणि कारखान्यातल्या ४जी मोडेमवरून पिंग मारून पाहिला. उत्तर यायला ५८ मिलिसेकंद लागले. लांबच्या डेटा सेंटरवरून येणारं उत्तरही जवळपास एवढाच वेळ घेत होतं. अर्धा दिवस आम्ही सर्व्हरलाच दोष देत बसलो. मग एका सहकाऱ्यानं ट्रेसरूट, म्हणजे डेटा कुठल्या थांब्यांवरून जातो त्याची यादी, काढला, आणि पहिल्याच थांब्यावर ७०० किलोमीटर लांबच्या कोअरमधल्या (नेटवर्कच्या मध्यवर्ती भागातल्या) गेटवेचा पत्ता दिसला. मोबाइल नेटवर्कमधलं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, टनेलच्या बंद वाटेनं आधी तिथे जायचं, तिथून बाहेर पडून तेवढंच अंतर परत यायचं आणि मग शेजारच्या सर्व्हरला भेटायचं. उत्तराचा प्रवासही तसाच. ११ किलोमीटरच्या कामासाठी २,८०० किलोमीटरची पायपीट. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे नुसत्या काचेतच १४ मिलिसेकंद गेले. वाटेतले राउटर, फायरवॉल आणि टॉवरपर्यंतचा हवेतला टप्पा वेगळाच.

सर्व्हर जवळ आणला म्हणून वाट जवळची होत नाही. सर्व्हर कुणीही विकत घेऊन बसवू शकतो, पण पॅकेट कुठल्या गेटवेतून बाहेर पडेल हे फक्त नेटवर्क चालवणाराच ठरवू शकतो. व्यवसायांना एज सेवा, म्हणजे जवळच्या सर्व्हरवर काम चालवण्याची सेवा, देताना टेलिकॉम कंपनीच्या हातात असलेली खरी चीज हीच आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात. एंटरप्राइज विक्रीत, नेटवर्क प्लॅनिंगमध्ये किंवा प्रॉडक्ट टीममध्ये नुकतेच आलेले आणि "आपल्यालाही एज सुरू करायचंय" एवढाच निरोप वरून मिळालेले जे कुणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

## पायरी १: आधी काम शोधा

बहुतेक एज प्रकल्प उलट्या टोकानं सुरू होतात. आधी रॅक भरतात, मग ग्राहक शोधायला निघतात. तसं करू नका. ग्राहकाकडे जाऊन एकच प्रश्न विचारा: उत्तर यायला ५० मिलिसेकंद जास्त लागले तर तुमचं नेमकं काय बिघडतं? "काही नाही, जरा हळू वाटेल" असं उत्तर आलं, तर त्या कामाला एजची गरज नाही. पगारपत्रकं, अहवाल, वेबसाइट, एआय मॉडेलचं प्रशिक्षण ही कामं मोठ्या क्लाउडवरच स्वस्तात आणि नीट होतात, आणि ग्राहकाला तसं सरळ सांगावं. पुढच्या वेळी तो तुमचा शब्द मानेल.

गरज असते ती चार कारणांनी. उशीर परवडत नाही. डेटा इतका प्रचंड आहे की वर पाठवणंच महाग पडतं. कायद्यानं किंवा कराराने डेटा आवाराबाहेर किंवा देशाबाहेर नेता येत नाही. किंवा बाहेरची लाइन तुटली तरी काम चालूच राहिलं पाहिजे. यातली किमान दोन कारणं लागू असतील तर ग्राहक धरून ठेवण्यासारखा आहे. एकाच कारणावर उभा असलेला प्रकल्प ते कारण जरा ढिलं पडलं की कोसळतो.

दुसऱ्या कारणाचं गणित प्रत्येकानं एकदा हातानं करून पाहावं. १०८० पिक्सेलचा एक साधा कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवतो असं धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद म्हणजे ४३ गिगाबाइट. एका गोदामात असे ६० कॅमेरे असले तर सतत २४० मेगाबिटचं अपलोड आणि रोजचे २.६ टेराबाइट. आता व्हिडिओ जागेवरच तपासला आणि फक्त कामाच्या घटनांचे १० सेकंदांचे तुकडे वर पाठवले तर? एक तुकडा ५ मेगाबाइटचा. दिवसाला असे २०० तुकडे गेले तरी बेरीज १ गिगाबाइट. ग्राहकासमोर कागदावर हा हिशोब मांडला की एज म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

या हिशोबात एक खोच आहे. सर्व्हर एक्स्चेंजमध्ये असेल, तर ते २४० मेगाबिट गोदामापासून एक्स्चेंजपर्यंत कुठल्यातरी वाटेनं यावेच लागणार. ही वाट ५जी ची असेल तर नीट पाहा. बहुतेक ५जी नेटवर्कमध्ये अपलिंक आणि डाउनलिंक एकाच बँडमध्ये वेळ वाटून घेतात, आणि त्यातला मोठा वाटा डाउनलिंकला दिलेला असतो. सगळं जग व्हिडिओ पाहतं, पाठवणारे थोडे, म्हणून अशी विभागणी. ६० कॅमेऱ्यांचं काम नेमकं याच्या उलट आहे. अशा ठिकाणी सर्व्हर ग्राहकाच्या आवारातच ठेवावा किंवा फायबर टाकावी. कुठली कडी अरुंद आहे ते आधी शोधायचं आणि सर्व्हर तिच्या अलीकडे बसवायचा.

## जागा कुठली

एज हा शब्द चार वेगवेगळ्या जागांसाठी वापरला जातो आणि नव्या माणसाचा गोंधळ तिथेच उडतो. ग्राहकाचं आवार, टॉवरचा पायथा, एक्स्चेंज किंवा अ‍ॅग्रिगेशनची (अनेक टॉवरच्या लाइन एकत्र येतात ती) जागा, आणि प्रादेशिक डेटा सेंटर.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या ग्राहकासाठी आवार किंवा प्रादेशिक डेटा सेंटर, यांपैकी एक घ्या. टॉवरचा विचारही करू नका. टॉवरखाली जागा नसते, वीज मोजकी असते, थंडावा नसतो, आणि एका टॉवरच्या टप्प्यात तुमच्या सर्व्हरला पुरेसे ग्राहकच मिळत नाहीत. सादरीकरणात टॉवरखालचा सर्व्हर छान दिसतो, पण शेकडो टॉवरखाली शेकडो अर्धवट रिकामे सर्व्हर ठेवून कुणाचा धंदा चालत नाही. शिवाय १०० किलोमीटर जवळ आल्यानं फायबरमधला जाण्यायेण्याचा अवघा १ मिलिसेकंद वाचतो. टॉवर ते एक्स्चेंज हे अंतर सहसा त्याहूनही कमी असतं. त्या एका मिलिसेकंदासाठी ग्राहक किती पैसे देईल हे त्यालाच विचारून पाहा.

एक्स्चेंज ही मधली जागा दुसऱ्या, तिसऱ्या ग्राहकासाठी उत्तम. तिथल्या अडचणी पुढे येतील.

## पायरी २: मोजा, आणि सरासरीवर विसंबू नका

करारावर सही होण्याआधी ग्राहकाच्या जागेवर किमान एक आठवडा मोजमाप घ्या. रात्रपाळी, शिफ्ट बदलण्याची वेळ, मालाची ट्रक येण्याची वेळ, सगळं त्यात आलं पाहिजे. मोजायचं ते ग्राहकाच्या यंत्रापासून अ‍ॅप्लिकेशनपर्यंत आणि परत. लॅपटॉपवरून घेतलेली स्पीड टेस्ट म्हणजे मोजमाप नव्हे.

सरासरी का फसवते ते एका पट्ट्यावर पाहू. पॅकिंग लाइनचा पट्टा सेकंदाला २ मीटर वेगानं धावतोय. कॅमेरा डब्याचा फोटो काढतो, सॉफ्टवेअर दोष ओळखतं, आणि पुढे बसवलेला हात तो डबा बाजूला ढकलतो. उत्तर २० मिलिसेकंदांत आलं तर डबा ४ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. हाताला ते जमतं. पण शंभरातलं एखादं उत्तर १४० मिलिसेकंदांनी आलं, तर डबा २८ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो आणि हात ढकलतो तो त्याच्या मागचा चांगला डबा. खराब डबा पुढे निघून जातो. सरासरी २१ मिलिसेकंदच दिसते आणि ग्राहक मात्र रोज फोन करतो. म्हणून ९९ टक्के उत्तरं किती वेळाच्या आत येतात, तो आकडा मोजायचा. काम नाजूक असेल तर ९९.९ टक्क्यांचा.

याच वेळी ग्राहकाच्या सॉफ्टवेअरला स्वतःला किती वेळ लागतो हेही पाहून घ्या. मॉडेलला एक फोटो पाहायलाच ८० मिलिसेकंद लागत असतील तर नेटवर्कमधले १० वाचवून काय साधणार? अशा वेळी मॉडेल वेगानं चालवणारं चांगलं जीपीयू कार्ड हा खरा उपाय असतो, आणि तो सुचवण्यात कमीपणा मानू नये.

## पायरी ३: वाट वळवा

आता मूळ काम. ही पायरी सगळ्यात लांब आहे कारण बहुतेक चुका इथेच होतात.

मोबाइल नेटवर्कमध्ये दोन कामं चालतात. एक नियंत्रणाचं: सिमची ओळख पटवणं, परवानगी देणं, हिशोब ठेवणं. दुसरं प्रत्यक्ष डेटा वाहून नेण्याचं. थ्रीजीपीपी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ४जी च्या कोअरमध्ये ही दोन कामं वेगळी करण्याची सोय रिलीज १४ मध्ये आणली, आणि रिलीज १५ मधल्या ५जी कोअरची तर रचनाच तशी आहे. तिथे डेटा हाताळणाऱ्या घटकाला यूपीएफ म्हणतात. नियंत्रण मध्यवर्ती कोअरमध्येच राहू द्यायचं आणि एक छोटा यूपीएफ सर्व्हरशेजारी आणून बसवायचा. ग्राहकाच्या सिमची पॅकेट्स त्या यूपीएफमधून बाहेर पडली की वाट खऱ्या अर्थानं जवळची झाली. याला लोकल ब्रेकआउट म्हणतात.

कुठली पॅकेट्स इथे बाहेर काढायची हे ठरवण्याच्या दोन सरळ पद्धती आहेत. ग्राहकाच्या सिमना वेगळं एपीएन (सिम कुठल्या डेटा नेटवर्कला जोडायचं ते सांगणारं नाव), म्हणजे ५जी च्या भाषेत डीएनएन, द्यायचं आणि त्याचा सगळाच डेटा स्थानिक यूपीएफकडे पाठवायचा. नाहीतर यूपीएफमध्ये अपलिंक क्लासिफायर लावून पत्ता पाहून फाटा फोडायचा: सर्व्हरचा पत्ता असेल तर इथे, बाकीचं नेहमीसारखं कोअरकडे. सुरुवात पहिल्या पद्धतीनं करा. तिच्यात काही बिघडलं तर कुठे बघायचं ते कळतं.

मग तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली डीएनएसची. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरला नावानं शोधतं, आणि त्या नावाचा पत्ता सांगणारा डीएनएस जर बाहेरचा, सार्वजनिक असेल तर त्याला तुमचा एज सर्व्हर माहीतच नसतो. तो लांबच्या सर्व्हरचा पत्ता देतो, पॅकेट्स इमानेइतबारे तिकडे जातात आणि तुमचा सर्व्हर रिकामा बसून राहतो. डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतं. थ्रीजीपीपीनं रिलीज १७ मध्ये याच कामासाठी कोअरमध्ये डीएनएस हाताळणारा स्वतंत्र घटक आणला आहे. तो तुमच्याकडे येईपर्यंत ग्राहकाच्या एपीएनला स्वतःचा डीएनएस द्या, आणि त्याच्या उपकरणांत कुणी सार्वजनिक डीएनएस हातानं भरून ठेवलेला नाही ना, हे एकेक करून तपासा. एन्क्रिप्टेड डीएनएस वापरणारे ब्राउझर तर बरेचदा तुमची सेटिंग जुमानत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी ठेच पॅकेटच्या आकाराची. ही एकदा लागली की माणूस विसरत नाही. लक्षण असं: पिंग चालतो, लॉगिन होतं, छोटे संदेश जातात, पण फोटो किंवा व्हिडिओ सुरू झाला की सगळं गोठतं. कारण टनेलचं आवरण. मोबाइल नेटवर्क प्रत्येक पॅकेटभोवती जीटीपी या टनेल प्रोटोकॉलचं वेष्टण चढवतं आणि त्यात ४० बाइटच्या आसपास जातात. त्यावर ग्राहकाचं व्हीपीएन असेल तर आणखी. १,५०० बाइटचं पॅकेट त्या वाटेत मावत नाही, आणि "मावत नाही" असं सांगणारा संदेश एखादं फायरवॉल गिळून टाकतं. थ्रीजीपीपीच्या दस्तऐवजांत उपकरणाच्या बाजूला १,३५८ बाइटची मर्यादा सुचवलेली दिसते, ती याच हिशोबानं. कुठलीही जोडणी चालू झाली की आधी मोठ्या आकाराचा, तुकडे न पाडता जाणारा पिंग मारून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी फिरत्या उपकरणांची. उपकरण एका यूपीएफला बांधलेलं असताना दुसऱ्या भागात गेलं, तर जोडणी टिकते पण पॅकेट्स पहिल्याच यूपीएफकडे जात राहतात, आणि जवळची वाट पुन्हा लांबची होते. ५जी मध्ये जुनी जोडणी तोडण्याआधी नवी बांधण्याची सोय आहे, पण अ‍ॅप्लिकेशननंही बदललेला पत्ता पचवला पाहिजे, आणि फार थोडी अ‍ॅप्लिकेशन्स ते करतात. म्हणून पहिला ग्राहक असा घ्या की ज्याची यंत्रं एकाच आवारात राहतात. महामार्गावरची वाहनं नंतर.

एक गोष्ट तंत्राची नाही, पण ती सुटली तर सेवा सुरूच करता येत नाही. डेटा कोअरमध्ये न जाता परस्पर बाहेर पडतो म्हटल्यावर बिलिंगच्या नोंदी आणि कायदेशीर इंटरसेप्शनची (अधिकृत आदेशानं डेटा तपासू देण्याची) व्यवस्थाही त्या नव्या यूपीएफवर असावी लागते. नियामकाच्या अटी देशादेशांत वेगळ्या असतात. कंपनीच्या रेग्युलेटरी विभागाला पहिल्याच बैठकीत बोलवा, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नव्हे.

सुरुवातीला सांगितलेल्या कारखान्यात आम्ही शेवटी काय केलं? डेटाचा गेटवे एक्स्चेंजमध्ये आणला, बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. ५८ चे ३१ मिलिसेकंद झाले. उरलेला वेळ मुख्यतः ४जी च्या हवेतल्या टप्प्याचा होता आणि तो सर्व्हर कुठेही हलवून कमी होणारा नव्हता. ग्राहकाला हे आकडे तसेच दाखवले. त्याच्या कामाला ४० पुरत होते.

## पायरी ४: एक्स्चेंजमधली खोली

जुन्या एक्स्चेंजच्या इमारती भक्कम असतात, फायबर तिथे आलेली असते, बॅटऱ्या असतात. वाटतं, झालं की डेटा सेंटर. पण तिथली वीज उणे ४८ व्होल्ट डीसी असते. टेलिफोनच्या काळापासून बॅटरीवर चालत आलेली ती पद्धत आहे. बाजारातला साधा सर्व्हर मात्र एसीवर चालतो. डीसी पॉवर सप्लाय असलेलं मॉडेल मागवा, नाहीतर इन्व्हर्टरचा आणखी एक बिघडणारा डबा मध्ये येतो.

जेवढी वीज आत जाते तेवढीच उष्णता बाहेर पडते, आणि ती खोली सर्व्हरसाठी बांधलेली नसते. जीपीयू निवडताना हे फार महत्त्वाचं ठरतं. फक्त ओळखण्याचं काम करणारं एनव्हिडियाचं एल४ कार्ड ७२ वॉटमध्ये भागतं. त्याच कंपनीचं प्रशिक्षणासाठी बनवलेलं, आठ जीपीयूंचं डीजीएक्स एच१०० यंत्र १० किलोवॉटपर्यंत जातं. एजवर आपल्याला लागतं ते पहिलं. दुसरं आणून ठेवलं तर आधी थंडाव्याची यंत्रणा बंद पडेल, मग इमारतीची वायरिंग.

तिथे राबता नसतो, म्हणून कुलूप, डिस्क एन्क्रिप्शन, सिक्युअर बूट हे सगळं पहिल्या दिवसापासून हवं. सर्व्हर उचलून नेला तरी आतलं काही हाती लागता कामा नये. आणि नवा सर्व्हर केबल जोडून चालू केला की स्वतःच आपलं सॉफ्टवेअर ओढून उभा राहिला पाहिजे. प्रत्येक वेळी इंजिनिअरला गाडी काढून जावं लागत असेल तर दहाव्या जागेनंतर हा डोलारा पेलत नाही.

## पायरी ५: प्लॅटफॉर्म आपला की भागीदाराचा

इथे इतिहासाकडे बघायला हवं. अमेरिकेत व्हेरायझन या टेलिकॉम कंपनीनं २९ डेटा सेंटर्स इक्विनिक्स या डेटा सेंटर कंपनीला ३.६ अब्ज डॉलरला विकली. डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेला हा व्यवहार २०१७ मध्ये पुरा झाला. त्याच व्हेरायझननं डिसेंबर २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनसोबत वेव्हलेंग्थ जाहीर केलं, ज्यात अ‍ॅमेझॉनचे सर्व्हर टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कच्या आत बसतात, आणि २०२० मध्ये बोस्टन आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात ते सुरू झालं. सर्वसाधारण क्लाउडच्या मैदानात मोठ्या क्लाउड कंपन्यांशी टक्कर घेणं टेलिकॉमला झेपलं नाही, पण नेटवर्कच्या आतली जागा आणि जवळची वाट त्या कंपन्यांनाही टेलिकॉमकडूनच घ्यावी लागली. मला यातून एवढं दिसतं की डेटाबेसपासून एआयपर्यंत शंभर सेवांचा स्वतःचा कॅटलॉग बनवण्याच्या नादी नवख्या टीमनं लागू नये.

ग्राहकाच्या प्रोग्रामरना जे रोज वापरायची सवय आहे तेच द्या: कंटेनर (सॉफ्टवेअरची बांधलेली पाकिटं), ती सांभाळणारं कुबरनेटीस, नेहमीची साधनं. लहान जागेसाठी कुबरनेटीसचं के३एस सारखं हलकं रूप पुरतं. भागीदार घेतलात तर करारात दोन गोष्टी शाई वाळण्याआधी पक्क्या करा. बिल कोण पाठवणार, आणि रात्री दोन वाजता ग्राहकाचा फोन कोण उचलणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आम्ही" असंच असलं पाहिजे. तो फोन ज्याच्याकडे जातो, त्याचाच ग्राहक होतो.

## पायरी ६: दर आणि करार

व्हर्च्युअल सीपीयू आणि गिगाबाइटच्या हिशोबानं दर लावलात की ग्राहक लगेच मोठ्या क्लाउडचं दरपत्रक शेजारी ठेवणार आणि तुम्ही महाग दिसणार. दिसणारच, कारण तिथे लाखो सर्व्हर आहेत आणि तुमच्या एका जागेवर चार. दर कामाला लावा: दर कॅमेऱ्याला, दर लाइनला, दर जागेला महिन्याचे इतके. त्यात सिम, वाट, सर्व्हर आणि देखभाल सगळं आलं. ग्राहकालाही त्याच्या साहेबाला समजावणं सोपं जातं.

चार सर्व्हरचा आणखी एक अर्थ आहे. क्लाउडमध्ये गरज वाढली की बटण दाबून आणखी यंत्रं मिळतात. एजवर चार म्हणजे चारच. एक बंद पडला तर उरलेल्या तिघांनी सगळं काम पेललं पाहिजे, म्हणजे प्रत्येकी फार तर पाऊण भरायचा, आणि अपडेट करताना मुद्दाम एक बंद ठेवावा लागतो तो काळही धरा. मी तरी साठ टक्क्यांपुढे विकत नाही. ही रिकामी ठेवलेली क्षमता दरात धरली नाही तर दुसऱ्या वर्षी तोटा कागदावर दिसायला लागतो.

उपलब्धतेच्या वचनाचं गणितही करून बघा. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. ९९.९९ म्हणजे ४ मिनिटं, म्हणजे धड एक रीबूटही नाही. आणि रेडिओ, वाट, सर्व्हर या तिन्ही कड्या ९९.९ च्या असतील तर पूर्ण साखळी ९९.७ ची होते, महिन्याला सुमारे २ तास १० मिनिटं. विक्रीच्या माणसानं सर्व्हरचा आकडा सांगून सही घेतली आणि ग्राहकानं तो साखळीचा समजला, इथेच भांडणं सुरू होतात. करारात कुठून कुठपर्यंत मोजणार ते आकृती काढून दाखवा.

विलंबाच्या वचनाबाबतही तेच. ५जी मध्ये प्रत्येक प्रवाहाला दर्जाचा एक क्रमांक असतो. साध्या इंटरनेटच्या ९ क्रमांकाला ३०० मिलिसेकंदांची मर्यादा आहे, कारखान्यातल्या स्वयंचलित यंत्रांसाठीच्या ८२ क्रमांकाला फक्त १०. पण ही मर्यादा उपकरणापासून यूपीएफपर्यंतची आहे. त्यापुढचा सर्व्हरपर्यंतचा आणि सर्व्हरच्या आतला वेळ त्यात धरलेला नाही. शिवाय काही देशांत नेट न्यूट्रॅलिटीच्या (सगळ्या डेटाला सारखी वागणूक देण्याच्या) नियमांमुळे असा विशेष दर्जा कुठल्या सेवेला देता येतो यावर बंधनं आहेत. तेही रेग्युलेटरी विभागाला विचारून घ्या.

## पायरी ७: चाचणी

चाचणीला शेवटची तारीख आणि पास होण्याचा आकडा दोन्ही आधी लिहून ठेवा, नाहीतर ती दोन वर्षं फुकट चालत राहते. आकडा ग्राहकाच्या भाषेत असावा: चुकून ढकललेल्या डब्यांचं प्रमाण इतक्याच्या खाली, बस.

चाचणीत मुद्दाम मोडतोड करा. ग्राहकाला सांगून कोअरकडे जाणारी केबल उपसा आणि पाहा, आवारातलं काम चालू राहतं का. बऱ्याचदा डेटाची वाट स्थानिक असते पण नियंत्रण लांब कोअरमध्ये असतं, त्यामुळे चालू जोडण्या टिकतात आणि नवं यंत्र मात्र नेटवर्कला जोडलंच जात नाही. लाइन तुटली असताना शिफ्ट बदलली आणि स्कॅनर बंद करून पुन्हा चालू केले तर? हा प्रश्न चाचणीतच विचारलेला बरा. एक सर्व्हर बंद करा. रात्री अपडेट सोडा आणि तो अर्ध्यावर तोडा. नेटवर्क ऑपरेशन सेंटरमधल्या माणसांना या सगळ्यात सुरुवातीपासून बसवा. सेवा सुरू झाल्यावर प्रॉडक्ट टीम पुढच्या कामाला लागते, आणि अलार्म वाजल्यावर त्याचा अर्थ लावायचा तो त्यांनाच.

अपडेटबद्दल एक सवय लावून घ्या: आधी एक जागा, एक दिवस थांबा, मग तीन, मग बाकीच्या. चाळीस जागांवर एकदम सोडलेला चुकीचा अपडेट मागे घ्यायला चाळीस ठिकाणी जावं लागू शकतं.

## दुसरा ग्राहक

पहिला प्रकल्प नेहमीच हातानं घडवलेला असतो आणि त्यात काही गैर नाही. दुसरा मात्र पहिल्याच्या सत्तर टक्के तरी जसाच्या तसा असला पाहिजे. म्हणून दुसरा ग्राहक त्याच उद्योगातला घ्या. पॅकिंग लाइन जमली असेल तर दुसरी पॅकिंग लाइन. रुग्णालय, खाण, स्टेडियम असं एकेक गोळा करत गेलात तर प्रत्येक वेळी नवं शिकणं येतं आणि टीम तेवढ्यातच दमून जाते.

मानकांचा उपयोग खरा इथून पुढे सुरू होतो. एट्सी या युरोपीय संस्थेनं मोबाइल एजवर काम करणारा गट २०१४ मध्ये स्थापला. पुढे वायफाय आणि फायबरही त्यात आल्यावर नावातल्या मोबाइलच्या जागी मल्टी-अ‍ॅक्सेस आलं. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनं २०२३ मध्ये ओपन गेटवे हा उपक्रम जाहीर केला, आणि त्याच्या एपीआयची (सॉफ्टवेअरनं नेटवर्ककडे काही मागण्याच्या ठरलेल्या पद्धतींची) व्याख्या लिनक्स फाउंडेशनच्या कमारा प्रकल्पात होते. जवळचा एज सर्व्हर कुठला हे विचारणारी आणि एखाद्या प्रवाहाला काही वेळ चांगला दर्जा मागणारी एपीआय त्यात आहेत. एकच अ‍ॅप्लिकेशन अनेक कंपन्यांच्या नेटवर्कवर चालवू पाहणाऱ्या ग्राहकाला याची गरज पडते. असा ग्राहक दारात आला की मग ती एपीआय लावायला घ्या.

तोवर पहिल्या ग्राहकाच्या जागेवरचं मोजमाप चालू ठेवा. चाचणी संपली की मोजणी बंद करण्याचा मोह होतो. पण नेटवर्क बदलत राहतं. कुणीतरी राउटर बदलतं, कुणी नवा नियम टाकतं, आणि एखाद्या सोमवारी पॅकेट्स पुन्हा ७०० किलोमीटरच्या वाटेला लागतात. आमच्याकडे हे एकदा घडलं, एका नेहमीच्या देखभालीनंतर. ३१ चा आकडा रातोरात ५७ झाला. त्या वेळी आलेखावरची उडी ऑपरेशन सेंटरमधल्या मुलीनं पहाटे पाच वाजता पाहिली, आणि सहाची पाळी सुरू होण्याआधी वाट पूर्ववत झाली होती.